भरपाई मालकांना मिळाली, हेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ब्रिटन आणि गुलामगिरी या विषयावरचा कालचा लेख वाचला. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी 2006 साली जाहीरपणे तीव्र दुःख व्यक्त केले, याचे लेखकाने भरभरून कौतुक केले आहे. कौतुकाला माझी हरकत नाही. पण 'गुलामांच्या मुक्तीसाठी ब्रिटनने दोन कोटी पौंड मोजले' एवढे लिहून ते पुढे गेले, याचा मला संताप आला. ते पैसे कोणाच्या हाती पडले? गुलामांच्या मालकांच्या, भरपाई म्हणून! पुढे पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टन यांच्या वडिलांना, जॉन ग्लॅडस्टन यांना, एक लाखाहून अधिक पौंड मिळाले. गुलामांना छदामही नाही. उलट 1838 पर्यंत 'उमेदवारी'च्या, म्हणजे काम शिकण्याच्या, नावाखाली त्यांना त्याच मळ्यांवर आठवड्याला 45 तासांपर्यंत फुकट राबवले.

त्या भरपाईसाठी ब्रिटिश सरकारने काढलेले कर्ज फिटले 2015 साली. तेव्हा मी लंडनमधल्या एका रुग्णालयात परिचारिका होते आणि माझ्या पगारातून दरमहा कर कापला जात होता. आम्हाला कोणी काही सांगितले नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने ट्विटरवर ही माहिती दिली, तीही अभिमानाने: गुलामांचा व्यापार संपवायला तुमच्या कराचा हातभार लागला म्हणून! ओरड झाल्यावर ते काढून टाकले. आमच्या वॉर्डात मूळच्या जमैकन कुटुंबातल्या एक ज्येष्ठ सिस्टर होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी तो मजकूर मला वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "माझ्या पणज्यांना ज्यांनी विकत घेतले, त्यांचे देणे मी रात्रपाळ्या करून फेडले?" मी काय बोलणार? माझ्या पैशाचे सोडा. त्या बाईंचा पैसा तिकडे जावा, ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. कोणाच्या दुःखोद्गारांनी ती भरून येत नाही.

आपल्या माणसांचाही लेखात उल्लेख नाही. गुलामगिरी संपवणाऱ्या 1833 च्या ब्रिटिश कायद्यातून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळला होता; हिंदुस्थानासाठी कायदा यायला 1843 उजाडले. मधल्या काळात मळेवाल्यांनी गुलामांच्या जागी इथली गरीब माणसे करारावर न्यायला सुरुवातही केली. हेच जॉन ग्लॅडस्टन 1838 साली दक्षिण अमेरिकेतल्या ब्रिटिश गयानात हिंदी मजूर नेणाऱ्यांत पहिले. रत्नागिरी, साताऱ्याकडची माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसात गेली. त्यांचे वंशज तिथे आजही गणपती बसवतात. आपल्या पर्यटन पुरवणीत मॉरिशसचे समुद्रकिनारे नेहमी दिसतात, पण ही माणसे जिथे उतरली त्या पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाचा फोटो मी आपल्या अंकात कधी पाहिलेला नाही. तोही जागतिक वारसास्थळ आहे, साहेब.

भरपाई घेणाऱ्या मालकांची नावे आणि रकमा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने इंटरनेटवर सर्वांसाठी खुल्या केल्या आहेत. लेखकांनी त्या पाहाव्यात आणि पुढच्या लेखात त्यातली निदान दहा नावे आकड्यांसह द्यावीत.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा