दूध संघाच्या सर्व्हरवरचा तो एक थ्रेड : ताईंना आभारपत्र

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

केंद्राच्या सर्व्हरवरून मेसेज जाईनासे झाले त्या रात्री फोनवर नुसतं ‘थँक यू ताई’ म्हणून ठेवून दिलं. ते पुरेसं नव्हतं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. आपली ओळख ती काय, दोन दिवसांच्या एका कार्यशाळेतली. तेवढ्या ओळखीवर रात्री सव्वादहाला फोन केला आणि तुम्ही ‘सकाळी बोलू’ म्हणाला नाहीत.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या ३.८ आवृत्तीचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबले, म्हणून आमचा संकलनाचा प्रोग्राम आम्ही ३.१२ वर नेला. लॅपटॉपवर आठवडाभर नीट चालला. संध्याकाळचं संकलन आटोपल्यावर नवी इमेज (प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एकत्र बांधलेलं गाठोडं) सर्व्हरवर चढवली आणि चाचणीची नोंद केली. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) सगळं डेटाबेसमध्ये गेलं, पण उत्पादकाच्या मोबाइलवर जायचा मेसेज काही जाईना. मेसेज पाठवायचं काम वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रामच्या आतच समांतर चालणाऱ्या धाग्यावर, होतं आणि लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती : ‘रनटाइम एरर : कान्ट स्टार्ट न्यू थ्रेड.’

हे वाचून कुणालाही वाटेल की थ्रेड जास्त झाले किंवा मेमरी संपली. मीही दीड तास तेच शोधत बसलो. मेमरी अर्ध्याहून जास्त मोकळी होती, ‘यूलिमिट’ (सिस्टिमने घातलेली मर्यादा) वाढवून पाहिलं, कंटेनरची, म्हणजे इमेज ज्यात चालते त्या बंदिस्त कप्प्याची, प्रोसेसची मर्यादा काढून टाकली. एरर जागची हलली नाही.

तुमचा पहिला प्रश्न एररबद्दल नव्हताच. “जुनी इमेज आहे ना अजून? मग आधी ती लाव. सकाळी साडेपाचला लोक किटल्या घेऊन येतील, त्यांचं आधी मार्गी लाव. मग शांतपणे बघू.” ताई, मला सगळ्यात जास्त आभार याचे मानायचेत. जुनी इमेज लागली, मेसेज सुरू झाले आणि माझ्या हातांचा कंप थांबला. एवढा वेळ मी एरर शोधत होतो आणि दारात उभ्या राहणाऱ्या माणसांचा विचार तुम्ही केलात.

मग तुम्ही विचारलंत, “तू बदललंस काय काय?” मी म्हटलं, पायथॉन. तुम्ही म्हणालात, “फक्त पायथॉन? इमेजच्या खाली डेबियन कुठलं आहे ते बघ.” बघितलं. डेबियन म्हणजे इमेजच्या तळाची लिनक्स सिस्टिम. जुनी इमेज डेबियन ११ म्हणजे बुलसायवरची, नवी डेबियन १२ म्हणजे बुकवर्मवरची. मी इमेजच्या नावापुढच्या टॅगमध्ये फक्त आकडा बदलला होता, पण त्यासोबत खालची जमीनही बदलली होती.

तुम्ही मला कागदावर चार चौकोन काढायला लावलेत : ३.८ आणि ३.१२ आडवे, बुलसाय आणि बुकवर्म उभे. प्रत्येक चौकोनासाठी त्याच सर्व्हरवर कंटेनर उघडायचा आणि एकच थ्रेड सुरू करून एक शब्द छापायचा, बाकी काही नाही. ३.१२ बुलसायवर चाललं. ३.८ बुकवर्मवर पडलं. चारही चौकोन भरले तेव्हा पायथॉन निर्दोष होतं हे कागदावरच दिसत होतं. तुम्ही मात्र तेवढ्यावर थांबला नाहीत. बुकवर्मच्या कंटेनरमध्ये पायथॉन उघडं ठेवून बाहेरून, सर्व्हरवरून, त्या प्रोसेसला ‘एसट्रेस’ (प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्याकडे काय मागतो ते दाखवणारं साधन) लावायला सांगितलंत. थ्रेड सुरू केला आणि ओळ उमटली : क्लोन३, उत्तर वजा एक, ईपर्म. म्हणजे परवानगी नाही.

यापुढचं तुम्ही ज्या पद्धतीने समजावलंत ते मी आता आमच्या मुलांना तसंच सांगतो. जीलिबसी ही लिनक्सची पायाभूत लायब्ररी; बुलसायमध्ये जुनी, बुकवर्ममध्ये नवी. नव्या जीलिबसीला, म्हणजे २.३४ पासून पुढे, थ्रेड काढायचा असला की ती आधी क्लोन३ या नव्या सिस्टिम कॉलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे करायच्या विनंतीने, विचारते. ‘असं कुणी इथे राहत नाही’ असं उत्तर आलं, तर ती जुन्या क्लोनच्या दारात जाते आणि काम होतं. पण आमच्या सर्व्हरवर कंटेनर चालवणारं डॉकर होतं जुनं, १९.०३. त्याचा सेककॉम्प म्हणजे कुठले सिस्टिम कॉल जाऊ द्यायचे ते ठरवणारा पहारेकरी. त्याच्या यादीत हे नवं नावच नव्हतं, आणि यादीत नसलेल्या प्रत्येकाला तो पहारेकरी एकच उत्तर देतो : ‘आत सोडणार नाही.’ ते ऐकून जीलिबसी दुसरं दार न ठोठावता परत फिरते. कारण काहीही असो, पायथॉन आपलं तेच ठरलेलं वाक्य छापतं. माझ्या लॅपटॉपवरचं डॉकर नवं असल्यामुळे तिथे हे कधी दिसलंच नाही.

सेककॉम्प बंद करून कंटेनर चालवला आणि थ्रेड लगेच सुरू झाला. मी तर तसंच ठेवायला निघालो होतो. तुमचा आवाज तेवढ्यापुरता कडक झाला : “हा प्रयोग होता, इलाज नाही. पहारेकरी काढून घर उघडं टाकायचं नाही. डॉकर अपडेट कर.” ही दुरुस्ती डॉकर २०.१०.१० मध्ये, ऑक्टोबर २०२१ पासूनच आहे हेही तुम्हीच सांगितलंत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या संकलनानंतर डॉकर अपडेट केलं, सेककॉम्प चालू ठेवूनच ३.१२ ची इमेज लावली आणि चाचणीचा मेसेज माझ्या मोबाइलवर वाजला.

फोन ठेवला तेव्हा पावणेबारा झाले होते. मधे एकदा तुमच्या घरात कुणीतरी जेवायला हाक मारली, ती मला ऐकू आली होती. तुम्ही “पाच मिनिटं” म्हणालात आणि परत एसट्रेसकडे वळलात. ताई, ते माझ्या मनातून जात नाही.

चार चौकोनांचा तो कागद मी जपून ठेवलाय. तालुक्यातल्या आणखी दोन केंद्रांवर तेच जुनं डॉकर होतं, तेही रविवारी बदलून घेतलं. आता सगळीकडे इमेजच्या टॅगमध्ये डेबियनचं नाव स्पष्ट लिहितो. इकडे कधी आलात तर केंद्रावर नक्की या. सकाळचं पहिलं दूध मोजताना आणि पहिला मेसेज जाताना तुम्हाला दाखवायचाय.

तुमचा कृतज्ञ,
दूध संघाच्या संगणक विभागातला धाकटा भाऊ