गोठ्याची ती भिंत

धानोरा, जि. गडचिरोली
७ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं आई म्हणेल. पण फोनवर बाबा नुसतं "हं, हं" करतात आणि आई दोन मिनिटांत माझ्या लग्नावर येते. तो विषय परवा झाला, इथे परत नाही.

पांढरकवड्याच्या लग्नात जेवताना तुमच्या शेजारच्या पाहुण्यांनी विचारलं, "पोरगी काय करते मंग?" तुम्ही म्हणालात, "दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम पायते." ते म्हणाले, "म्हंजे डाटा एंट्री." बाबा, तुम्ही काही न बोलता जिलेबी मोडत राहिलात. मी मागच्याच पंगतीत होते. पाहुण्यांचं मला काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की माझं काम आपल्या घरात कुणाला चटकन कळावं तर ते तुम्हाला, आणि तुम्हालाच मी ते नीट सांगितलेलं नाही.

तुम्ही आरोग्य सेवक होतात तेव्हा मला एकदोनदा सायकलच्या दांडीवर बसवून झरीकडच्या कोलामांच्या पोडांवर, त्यांच्या वस्त्यांवर, नेलं होतं. घरात शिरायच्या आधी तुम्ही दाराशेजारच्या भिंतीवरची चौकट बघायचात. स्टेन्सिलनं मारलेली, आत रकाने. दर पंधरा दिवसांनी एका रकान्यात तारीख आणि तुमची सही. कुणाला ताप असला की बोट टोचायचं, हिवतापाच्या तपासणीसाठी काचपट्टीवर रक्त घ्यायचं, पातळ थर वाळला की त्यावरच पेन्सिलनं नंबर लिहायचा, तोच नंबर रजिस्टरात. मग क्लोरोक्विनच्या गोळ्या, आणि पट्टी पॉझिटिव्ह आली की पुन्हा जाऊन प्रायमाक्वीन. एका म्हातारीला वाचता येत नव्हतं, तरी ती चौकटीवर बोट ठेवून म्हणाली होती, "दोन खाने खाली हायेत. आला नाहीस तू." तुम्ही ओशाळला होतात. बाप कुणापुढे ओशाळतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या काचपट्टीवरच्या नंबराला आम्ही आता युनिक आयडी म्हणतो आणि त्यावर दिवस-दिवस बैठका घेतो.

पुण्याचं तुम्हाला माहीत आहे, पण तिथे मी काय करत होते ते कधी सांगितलं नाही. २०१२ ते २०१६ हिंजवडीत बसून मी अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर बनवत होते. तिथे प्रत्येक आजाराला कोड असतो. १ ऑक्टोबर २०१५ला अमेरिकेनं जुनी यादी सोडून आयसीडी-१० ही नवी यादी बिलांसाठी लागू केली, त्यासाठी आम्ही महिनोन्महिने रात्री जागलो. सापाच्या विषाचा कोड टी ६३.० हा मला झोपेतही सांगता यायचा. त्याच पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या काकांना परसात साप चावला आणि ते वाटेतच गेले. दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत, म्हणून कुठल्याही केसपेपरवर त्यांचं नाव आलं नाही. कोड माझ्याकडे होता, पण ज्याला तो लावायचा तो माणूस कुठल्या कागदावर नव्हता. नोकरी सोडली तेव्हा मी तुम्हाला "पुढे शिकायचं आहे" एवढंच सांगितलं. खरं कारण हे होतं.

मग मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण केलं. "म्हणजे डॉक्टर होशील का?" असं आईनं चारदा विचारलं होतं. नाही गं. डॉक्टर एका माणसाची नाडी बघतो. आम्ही विचारतो, याच गावात, याच महिन्यात, याच वयाची माणसं का आजारी पडली, आणि जी आली नाहीत ती कुठे आहेत. मी शिकत असतानाच २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. वर्गातली मुलं मला विचारायची, "तुमच्याच जिल्ह्यातलं ना?" त्या दिवाळीला घरी आले तेव्हा फवारणीचा पंप मीच कडब्यामागे लपवला होता. बाबा दोन दिवस शोधत होते. आज कबूल करते.

आता इथलं. आमची संस्था छोटी आहे, पाच जणांची टीम. आशाताई, सिस्टर, लॅबवाले यांच्यासाठी सिकलसेलच्या तपासण्या आणि पाठपुराव्याचं ॲप आम्ही बनवतो आणि सांभाळतो. सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, तुम्हाला नवा नाही. पोडांवरची पोरं सांधे दुखतात म्हणून रडायची आणि सगळे त्याला वात म्हणायचे. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे एएस असले, तर प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता की मूल एसएस, म्हणजे आजारी, निघेल. बरं करणारं सोपं औषध नाही, पण हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिड वेळेत सुरू झालं, पाणी-ताप सांभाळला, तर पोरगं शाळेत जातं. १ जुलै २०२३ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं, चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची म्हणून. १ जुलै म्हणजे बाबांचा शाळेतला वाढदिवस. खरा तान्ह्या पोळ्याचा, हे आजी गेल्यावर आता फक्त आईला माहीत.

हे तारखांचं मी गमतीनं लिहीत नाही. माझ्या कामातली अर्धी डोकेदुखी तीच आहे. अख्ख्या गावाची जन्मतारीख १ जून नाहीतर १ जानेवारी. मडावी आडनाव कुणी इंग्रजीत एका स्पेलिंगनं लिहितं, कुणी दुसऱ्या. पोरीचं लग्न झालं की बापाचं नाव जाऊन नवऱ्याचं येतं, पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी जाते, मग सासरच्या उपकेंद्रात ती "गैरहजर" आणि माहेरच्या उपकेंद्रात "नवीन". मशीनला त्या दोन बाया वाटतात. कधी तीन. ती एकच आहे हे त्या गावची आशाताई एका वाक्यात सांगते, "अवो ते आमच्या पाटलाची धाकटी." ते वाक्य सॉफ्टवेअरमध्ये कसं बसवायचं, यासाठी मला पगार मिळतो.

आणि मी चुकलेही आहे. माझं पहिलं ॲप बेचाळीस प्रश्नांचं होतं. सगळे मला महत्त्वाचे वाटत होते. सहा महिन्यांनी एका गावी गेले तर आशाताई मोहाच्या झाडाखाली बसून वहीतलं मोबाइलमध्ये उतरवत होत्या. दिवसा वही, संध्याकाळी मोबाइल, आणि सिंक करायला टेकडीवर, कारण रेंज तिथेच. म्हणजे मी त्यांचं काम दुप्पट केलं होतं. त्या म्हणाल्या, "ताई, पेशंटच्या तोंडाकडे पाहू का मोबाइलच्या?" आता नऊ प्रश्न आहेत, आणि रेंज नसली तरी चालतं. तेहेतीस प्रश्न काढले तेव्हा वरच्या बैठकीत मला बरंच ऐकावं लागलं.

आईला हे ऐकून बरं वाटेल, की गावातल्या बायकांनी ठेवलेल्या नोंदी म्हणजे दुय्यम काम, असं निदान या जिल्ह्यात कुणी म्हणू शकत नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च'नं इथल्याच ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं, नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्या बाया कमी शिकलेल्या होत्या. त्यांच्याकडे टॅब नव्हता.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते सांगते. गेल्या वर्षी एका गावात एक मुलगी भेटली, कडेवर दीड वर्षाचं लेकरू, हातपाय सुजलेले. तपासलं, एसएस. मी यादीत शोधलं तर ती आईच आमच्याकडे होती. शाळेत असताना तिची तपासणी झालेली, निकाल एएस, तारीख, सगळं व्यवस्थित भरलेलं. फक्त तिला कुणी सांगितलं नव्हतं. माहिती खालून वर गेली, वरच्या आलेखात एक ठिपका झाली आणि तिथेच राहिली. नवऱ्याची तपासणी लग्नाआधी करून घ्यावी हे तिला कळायला हवं होतं, ते साऱ्या जिल्ह्यात फक्त एका मशीनला कळलं. मी त्या रात्री जेवले नाही, आणि मला तुमची ती चौकट आठवली. तुमची नोंद ज्याची त्याच्या दाराशी होती. म्हातारीला दिसत होतं, आला की नाही आला. माझी नोंद ज्याची आहे त्याला ती दिसत नाही. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाची पद्धत माझ्यापेक्षा एका बाबतीत पुढे होती.

पण सरळ भिंतीवर लिहून चालत नाही. दारावर "सिकलसेल" लिहिलं तर त्या घरातल्या पोरीचं लग्न मोडतं. टीममध्ये यावर आमची भांडणं झाली. एकानं माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा काढला, संमतीचा फॉर्म काढला. फॉर्म तीन पानांचा, वाचणार कोण? तेव्हा मला आठवलं, की तुम्ही चौकटीत कधी आजार लिहिला नाहीत. फक्त तारीख आणि सही. पॉझिटिव्ह कोण, ते तुम्ही त्या माणसाला गोठ्याच्या आडोशाला नेऊन सांगायचात, "काडीपेटी दे जरा" म्हणून बाजूला घ्यायचात, आणि तुम्ही तर बिडी पीत नव्हतात! आम्ही आता तसंच काहीसं करतोय. निकाल आला की आशाताईला ॲपमध्ये दिसतं "भेट बाकी", आजाराचं नाव नाही. ती भेटून सांगते, कागद हातात देते, गोंडीत सांगते. ती भेट झाल्याशिवाय आमच्याकडे केस "पूर्ण" होतच नाही. या एका नियमानं आमचे आकडे तीन महिने फार वाईट दिसले. दिसू देत.

बाबा, जानेवारीत इथे आशाताईंची बैठक आहे. तुम्ही या आणि त्यांना हे आडोशाचं सांगा. भाषण नको, गप्पा मारा. पांढरकवड्याहून वणी, वणीहून चंद्रपूर, तिथून गडचिरोली, आणि गडचिरोलीला मी घ्यायला येईन. एसटीत तुम्हा दोघांनाही अर्धंच तिकीट आहे, तेव्हा परवडत नाही हे कारण चालणार नाही.

नोकरीचं. हैद्राबादच्या कंपनीला गुरुवारी 'नाही' म्हणून कळवलं. पगार इथल्या तिप्पट होता, म्हणून फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. त्याग वगैरे काही मनात आणू नका. तिथे मला आलेख रंगवायचे होते, असल्या लोकांसाठी ज्यांनी पोड पाहिलेलं नाही, आणि तीन वर्षांत मीही ते विसरले असते. बाबांना पर्मनंट नोकरीची काळजी आहे, ती बरोबर आहे. माझं कंत्राट दर अकरा महिन्यांनी, निधी आला तर पुढे. मार्चमध्ये नाही म्हणाले तर हैद्राबादला पुन्हा फोन करीन. एवढी मूर्ख नाही मी.

तुमच्या कार्डाचं सांगायचं राहिलं. ग्रामपंचायतीत काढलं ते आभा कार्ड आहे, चौदा आकडी नंबरवालं. त्यावर पाच लाखांचा उपचार मिळत नाही, त्यानं फक्त तुमचे रिपोर्ट एका जागी जोडता येतात. पाच लाखांचं ते आयुष्मानचं वेगळं. सत्तरी झालेल्यांना ते उत्पन्न न बघता मिळतं, आणि वय आधारवरचं धरतात. म्हणजे १ जुलै २०२६पासून तुम्ही पात्र. तान्ह्या पोळ्यापर्यंत थांबायची गरज नाही, शाळेच्या मास्तरांची कृपा.

आई, बीपी मोजायला गेलीस की दोन्ही आकडे लिहून आण. "ठीक हाय म्हणाल्या" हा आकडा नाही. गोळ्या उपकेंद्रात मिळतात, संपायच्या आधी जा.

दादा गोठा पाडून पक्की खोली बांधणार म्हणतो. त्या गोठ्याच्या पुढच्या भिंतीवर, चुन्याच्या दोन थरांखाली, तुमच्या साहेबांनी मारलेली चौकट आहे. तुमच्या स्वतःच्या घराची तपासणी दुसरा माणूस करायचा, त्याच्या सह्या असतील. पाडायच्या आधी हलक्या हातानं चुना खरवडून फोटो काढून पाठवा. सकाळच्या उन्हात काढा, तिरका प्रकाश असला की अक्षरं उठतात.

आणि येताना सोले आणा, तुरीच्या शेंगा सोलूनच. इथल्या बाजारात मिळतात, पण आपल्या वावरातले नसतात.

तुमची,
बेबी