दुरुस्तीला नाव कुठे लावायचं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीतला दानधर्मावरचा लेख काल वाचला, पत्र आज लिहितोय. कालच लिहिलं असतं तर छापण्याजोगं राहिलं नसतं.

लेखकाचं बरंचसं म्हणणं मान्य. म्हातारपणाची सोय आधी करा, मुलांना उभं राहण्यापुरतं द्या, लोळण्यापुरतं नको, मृत्युपत्रावर ढकलण्यापेक्षा हयातीतच द्या. वाद नाही. पण चौकटीतला तो ठळक सल्ला? देणगीतला एकही पैसा संस्थेच्या प्रशासकीय खर्चात जाऊ देऊ नका म्हणे!

मी अकरा वर्षं एका रुग्णसाहित्य केंद्राचा खजिनदार होतो. (बिनपगारी. आधीच सांगून ठेवतो.) चाकाच्या खुर्च्या, कुबड्या, पलंग गरजूंना वापरायला द्यायचे, काम झालं की परत घ्यायचे. खुर्च्या देणाऱ्यांची आम्हाला कधीच वाण नव्हती. एका वर्षी तर २३ आल्या, प्रत्येकीच्या पाठीवर देणाऱ्याचं नाव. पण खुर्ची वापरली की ट्यूब फुटते, बेअरिंग जातं, ब्रेक सैल होतो. ते नीट करणाऱ्याला पगार द्यावा लागतो. नोंदी ठेवायला आणि परत न आलेल्या खुर्चीसाठी फोनवर फोन करायलाही माणूस लागतो. तुमच्या चौकटीतला प्रशासकीय खर्च तो हाच.

एका समारंभात मी एका दात्यांना भीत भीत सुचवलं, यंदा नव्या पाच खुर्च्यांऐवजी जुन्या पंधरांच्या दुरुस्तीचा भार उचलाल का? ते अगदी निर्मळ मनाने म्हणाले, "अहो, दुरुस्तीला नाव कुठे लावायचं?"

नव्या पाच आल्या. जुन्या पंधरा जिन्याखाली गेल्या. दोन वर्षांनी त्याच गृहस्थांचा फोन: आपल्या खुर्चीवरचं नाव पुसट झालंय, पुन्हा रंगवून घ्या. खुर्ची चालते का, हे काही त्यांनी विचारलं नाही. रंगवलं. खर्च प्रशासकीय खात्यात टाकला.

कार्यालयातच पैसा गडप करणाऱ्या संस्था मीही पाहिल्यात. हिशेब मागावाच. पण हिशेब ठेवायलाही माणूस लागतो, साहेब.

अँड्र्यू कार्नेगीने अडीच हजारांवर ग्रंथालयांच्या इमारतींसाठी पैसे दिले, हे लेखात कौतुकाने आलंय. त्याची अट मात्र गाळली. जागा गावाने द्यायची आणि इमारतीच्या रकमेच्या १० टक्के दरवर्षी ग्रंथालय चालवण्यासाठी काढायचे, हे तो आधी कबूल करून घ्यायचा. नुसत्या भिंती पुस्तकांची देवघेव करत नाहीत, हे त्या पोलादवाल्याला कळत होतं.

आणि चक फीनी तुमच्या लेखात औषधालाही नाही. ड्यूटी फ्री दुकानांतून अफाट कमावलं, १९८२ साली प्रतिष्ठान काढलं आणि पुढची पंधराएक वर्षं देणारा कोण याचा पत्ता लागू दिला नाही. ८ अब्ज डॉलर वाटून २०२० मध्ये प्रतिष्ठानच बंद केलं. स्वतः भाड्याच्या घरात. त्याच्या पैशातून उभ्या राहिलेल्या इमारतींवर त्याचं नाव शोधायला जाऊ नका. पण तुम्ही छापलात तो फोटो कुणाचा? माणसापेक्षा मोठा धनादेश आणि तो धरायला सहा जण! फोटोओळीत देणाऱ्याचं नाव दोनदा, घेणाऱ्या संस्थेचं एकदाही नाही.

जाता जाता, माझं मागचं पत्र तुम्ही निम्मं कापलंत, तेही नेमकं आकड्यांचं निम्मं. या वेळी जागा कमी पडली तर कार्नेगी कापा, फीनी कापा. जिन्याखालच्या खुर्च्या तेवढ्या राहू द्या.

आपला,
एक माजी खजिनदार