मागच्या बाकावरची प्रार्थना

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं निपाणीहून आलेलं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. आई जाऊन वर्ष होत आलं, तरी प्रार्थनेला बसलं की भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं, रविवारी चर्चमध्ये गाणं ओठावर येत नाही, आणि पाळकसाहेबांना सांगून गायनाची जबाबदारी सोडावी म्हणतोस. ती खुशाल सोड. प्रार्थनाही सोडायचं लिहिलं आहेस, त्याआधी मात्र माझं ऐक.

आपल्याकडे देवाने काय केलं याच्या साक्षी ऐकून ऐकून एक समजूत घट्ट बसली आहे. आजारपण आलं, उपवास-प्रार्थना केली, माणूस उठून बसला, हालेलुया. ज्यांचं माणूस उठलं नाही, ते मागच्या बाकावर गप्प बसतात. मला हे फार लागतं, कारण पवित्र शास्त्र त्यांना गप्प बसवत नाही. बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं दहावं स्तोत्र सुरूच होतं ते ‘परमेश्वरा, तू दूर का उभा राहतोस?’ असं विचारून. ८८वं काढून वाच. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे स्तुतीला येतात. हे येत नाही, काळोखातच संपतं. तरी आपल्या पूर्वजांनी ते गाळलं नाही. आणि बघ, गाऱ्हाणं आहे देवाविरुद्ध, पण स्तोत्रकर्ता ते सांगतोय देवालाच. शेजारच्या भजनात देवाशी उघड भांडणारे अभंग तू लहानपणापासून ऐकलेस. ते भांडण आपल्याही शास्त्रात आहे, आपणच ते म्हणायचं सोडलं.

दफनाच्या दिवशी तुझे हुक्केरीचे मामा कन्नडमधून प्रार्थनेला उभे राहिले, ‘देवरे’ म्हणाले आणि पुढे शब्दच फुटेना. तसेच खाली बसले. त्या दिवसातली सगळ्यात खरी प्रार्थना मला ती वाटली.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायाजवळ मी हल्ली वरचेवर थांबतो. लाजर आजारी असल्याचा निरोप येतो. येशूचं मार्थेवर, तिच्या बहिणीवर, लाजरवर प्रेम होतं, असं योहान लिहितो आणि लगेच पुढे लिहितो की तो होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला. प्रेम आणि उशीर, दोन्ही लागोपाठ. तो पोचतो तेव्हा लाजरला कबरेत ठेवून चार दिवस झालेले. मार्था गावाबाहेरच त्याला गाठते: ‘प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता.’ मागून तिची बहीण मरिया येते, तीही हेच म्हणते. तो कुणालाच रागवत नाही. कबर उघडायलाच आलेला तो, तरी त्यांच्याबरोबर रडतो.

लाजर कबरेतून जिवंत उठला, तुझी आई उठली नाही. हे चुकवून मी पुढे जाणार नाही. आपल्याला पुनरुत्थानाची आशा आहे, मी ती जिवापाड धरून आहे. पण तिने आजची रिकामी खुर्ची भरत नाही, हेही मला कळतं. तुला मी वधस्तंभाकडे बघ म्हणतो ते यासाठीच. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे २२व्या स्तोत्रातलं पहिलंच वाक्य येशूच्या तोंडी आलं. शुभवर्तमानकार मार्काने ते येशूच्या बोलीत, अरामीत, जसंच्या तसं जपलं. त्या दुपारी आकाशातून उत्तर आल्याचं कुठल्याच शुभवर्तमानात नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी वाणी झाली होती, डोंगरावर त्याचं रूप पालटलं तेव्हा झाली होती, इथे नाही. तू आज जिथे उभा आहेस, तिथे तो स्वतः उभा राहून आला आहे. देव दूर वाटतो त्या जागीही ख्रिस्त आहे, यावर माझा सगळा विश्वास टेकला आहे.

मदर तेरेसा १९९७ साली गेल्या आणि दहा वर्षांनी त्यांची खासगी पत्रं छापून आली. कितीतरी वर्षं त्यांना देवाचं सान्निध्य जाणवत नव्हतं, हे जगाला तेव्हा कळलं. त्या काळातही त्या रोज प्रार्थनेला बसत होत्या, मरणाऱ्यांना उचलून आणत होत्या. काहींना तो ढोंगीपणा वाटला. मला ती निष्ठा वाटते.

तेव्हा स्तुतिगीत जमत नसेल तर नको म्हणूस. रात्री मुलं झोपली की ८८वं स्तोत्र मोठ्याने वाच, रागाने वाचलंस तरी चालेल. वर्षाच्या स्मरण-प्रार्थनेला मी येतोच आहे. कुणी तुला साक्ष द्यायचा आग्रह करू नये, हे पाळकसाहेबांशी मी बोलेन. त्या दिवशी गाण्याऐवजी तेच स्तोत्र वाचायचं का, ते कळव. मामांसाठी कन्नड बायबलमधूनही वाचू.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
बेळगावचा मित्र