नेमबाजी केंद्रांना दुरुस्ती जाणणारा माणूस हवा

संपादक महोदय,

कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवले, तेव्हापासून एअर रायफल शिकण्यासाठी येणाऱ्या मुलामुलींची रीघ लागली आहे. पालक पदरमोड करून परदेशी बनावटीच्या रायफली घेऊन देतात, हे कौतुकास्पद आहे. मात्र या रायफलीत बिघाड झाला तर तो ओळखणारा माणूस बहुतेक जिल्ह्यांत नाही, आणि त्याचे खापर बहुतेक वेळा खेळाडूच्याच माथी फुटते. एक प्रशिक्षक म्हणून हे सातत्याने पाहत असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे यंत्रातील बारीकसा दोषही स्कोअरवर लगेच दिसतो. आमच्याकडील एका मुलीच्या पहिल्या दोन-तीन सिरीज (दहा-दहा फैरींचे संच) उत्तम जात आणि नंतर फैरी हळूहळू खाली, सहा वाजताच्या दिशेला, उतरू लागत. दम टिकत नाही, एकाग्रता ढळते, असे निष्कर्ष काढून तिच्या व्यायामात आणि श्वासाच्या सरावात बदल करण्यात आले. अखेर रायफलीला दाबाखालील हवेचा सिलिंडर जोडतो त्या सांध्यावर साबणाचे पाणी लावून पाहिले, तेव्हा एकाच जागी बारीक बुडबुडे सातत्याने येताना दिसले. आतल्या ओ-रिंगला नखाने जेमतेम जाणवेल इतकी चीर गेली होती. सिलिंडरमधील दाब हवेचा दाब स्थिर ठेवणाऱ्या रेग्युलेटरला लागणाऱ्या दाबापेक्षा कमी झाला की छर्ऱ्याचा वेग घटतो आणि फैर खाली जाते. सुरुवातीला दाब पुरेसा असल्यामुळे दोष लपून राहत होता. काही रुपयांची रबरी कडी बदलल्यावर फैरी पुन्हा जागेवर आल्या.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरील फैरींचा पुंजका, विनाकारण विस्कटणे. अशा वेळी साइट (नेम धरण्याचे साधन), बट (खांद्याला टेकणारा भाग), छर्ऱ्यांचा डबा आणि ट्रिगर यांत एकाच दिवशी फेरफार केले जातात, आणि नेमके कशाने काय झाले हे मग कुणालाच सांगता येत नाही. अमेरिकेत रिकामी काडतुसे घरी पुन्हा भरून वापरणारे अनेक नेमबाज आहेत. त्यांच्यात एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदल वहीत नोंदवायचा, ही शिस्त कटाक्षाने पाळली जाते, कारण तिथे चूक जिवावर बेतू शकते. एअर रायफलीलाही तीच शिस्त लागू पडते. आधी सगळे स्क्रू आणि साइट घट्ट आहेत का ते पाहावे, मग नळी साफ करावी, त्यानंतर रायफल शिकंजात पकडून वेगवेगळ्या बॅचचे छर्रे मारून पाहावेत. शिकंजातही ग्रुप विस्कटत असेल, तर दोष मुलाचा नाही.

घरगुती दुरुस्तीत धोकाही आहे. एअर रायफलच्या सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा असते. अशा दाबाखालील भागांना शिवणयंत्राचे तेल किंवा साधे ग्रीस लावल्यास तेलाचा अंश पेट घेऊ शकतो. तरीही असे ‘उपाय’ करून आणलेल्या रायफली आमच्यापर्यंत येतात. सिलिंडरची मुदत संपल्यावरही तो वापरणे तितकेच घातक आहे, आणि त्यावर छापलेली तारीख कित्येक पालकांना दाखवून द्यावी लागते.

मोठ्या खेळाडूंनाही बिघाड चुकलेला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांच्या पिस्तुलात पात्रता फेरी सुरू असतानाच बिघाड झाला आणि दुरुस्तीत बहुमोल वेळ गेला. ५७५ गुणांसह त्यांची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तिथे मदतीला प्रशिक्षक आणि राखीव पिस्तूल होते. आमच्या जिल्हास्तरीय स्पर्धेत असा प्रसंग आला, तर मुलगी रायफल पेटीत ठेवून घरी जाते.

राज्याच्या क्रीडा विभागाने आणि नेमबाजी संघटनेने प्रत्येक महसुली विभागात निदान एक प्रशिक्षित आर्मरर, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणारा तंत्रज्ञ, नेमावा, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे. त्याच्याकडे ओ-रिंग, वॉशर, स्प्रिंग यांचा साठा, वेगमापक यंत्र आणि रायफल पकडण्याचा शिकंजा असावा, आणि त्याने ठरलेल्या दिवशी विभागातील रेंजना भेट द्यावी. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात प्रशिक्षकांसाठी दुरुस्तीचा आठवडाभराचा वर्ग घेतला, तर किरकोळ दोष जागीच निस्तरता येतील. नव्या रायफलींच्या खरेदीसाठी निधी मंजूर करताना त्यातील काही भाग सुट्या भागांसाठी आणि देखभालीसाठी राखून ठेवावा, आणि हा निर्णय पुढील राज्य स्पर्धेपूर्वी व्हावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक नेमबाजी प्रशिक्षक, कोल्हापूर