मंजूस पत्र: टाक्यांच्या भीतीबद्दल

सोलापूर

प्रिय मंजू,

तुझा फोन आला तेव्हा ड्यूटीवर होते, धड बोलता आलं नाही. जाऊबाईंना बाळंतपणात पार शीच्या जागेपर्यंत टाके पडले आणि ते ऐकल्यापासून तुझी झोप उडालीय, एवढं कळलं. म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलटकरणीला थोडंफार फाटतंच गं. कातडीपुरतं म्हणजे पहिली डिग्री, खालच्या स्नायूपर्यंत म्हणजे दुसरी. टाके घातले की भरून येतं. तिसऱ्या डिग्रीत शी रोखून धरणारा गोल स्नायू फाटतो, चौथ्या डिग्रीत आतलं अस्तरसुद्धा. इंग्लंडमधल्या आकड्यांत पहिल्या खेपेला 100 पैकी सुमारे 6 जणींना असं होतं, पुढच्या खेपांना 2 हून कमी.

पहिली खेप हेच मोठं कारण. मग 4 किलोच्या वरचं बाळ, खांदा अडकणं, बाळाचं तोंड वरच्या बाजूला असणं, जोर लावण्यात फार वेळ जाणं. आणि बाळाचं डोकं धरून ओढायचा चिमटा! डोक्याला वाटी चिकटवून ओढतात त्या व्हॅक्यूमपेक्षा चिमट्याने धोका जास्त. यातलं बाईच्या हातात किती आहे, तूच बघ. तरी सासरचे म्हणणार, 'हिला जोरच लावता आला नाही.' माझं डोकंच फिरतं. माहेरी आलीस की काकू शेंगापोळी तुपात बुडवून देतील; खा, पण शुगरची तपासणी चुकवू नकोस. शुगर वाढली की बाळही वजनाने वाढतं.

बाळ बाहेर येताना खालच्या जागेला कात्रीने चीर दिली की फाटत नाही, असं तुझ्या आत्या म्हणतात ना? सरसकट कात्री लावू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलंय. लावायचीच वेळ आली तर तिरकी, मधल्या रेषेपासून साधारण 60 अंशात. सरळ खाली कापलं तर चीर त्याच रेषेत पुढे स्नायूत जाऊ शकते.

खरी कसोटी डोकं बाहेर येताना. त्याआधी आम्ही कोमट पाण्यात पिळलेलं फडकं खाली धरून ठेवतो. मग एक हात बाळाच्या डोक्यावर, दुसरा खालच्या जागेला आधार, आणि बाईला सांगायचं, 'आता जोर नको, नुसतं फू-फू कर.' नेमकं तेव्हाच दाराबाहेरून कुणीतरी ओरडतं, 'लाव गं जोर!' तू सिस्टरचंच ऐक.

गरोदरपणाच्या 34 आठवड्यांनंतर तेलाच्या बोटांनी खालच्या जागेचा मसाज करतात. त्याने पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता कमी होते. मोठी जखम टळेलच अशी हमी नाही. आधी डॉक्टरांना विचार.

आता जाऊबाईंचं. नीट शिवलेल्या अशा जखमेनंतर वर्षभरात 100 पैकी 60 ते 80 जणींना काही त्रास उरत नाही. पण वायू सुटतो, शी लागली की थांबवता येत नाही, असं काही असेल तर त्या लाजेने बोलणार नाहीत. तू त्यांना एकटं गाठून विचार. फिजिओथेरपी असते, पुन्हा तपासणीही होते. आमच्याकडे मागे एक बाई आली होती, तिच्या पहिल्या दवाखान्याने कार्डावर नुसतं 'टाके घातले' लिहिलेलं, डिग्रीचा पत्ताच नाही. पुढचं बाळंतपण कसं करायचं, हे त्यावरच तर ठरवायचं असतं. जाऊबाईंच्या कार्डाचा फोटो काढून मला पाठव. डिग्री लिहिलेली नसेल तर टाके घालणाऱ्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

तुझी,
सुनंदा