बर्लिन ते प्राग: "बस घ्या, स्वस्त पडते" एवढ्यावर भागत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत युरोपात कमी खर्चात कसं फिरावं यावर मध्यंतरी आलं होतं, त्यात बर्लिनहून प्रागला जायचं असेल तर बस घ्या, सगळ्यात स्वस्त, असं एका ओळीत उरकलेलं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. बस स्वस्त असते हे खरंच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण वाचणारे सगळे काही पाठीला सॅक लावलेले कॉलेजचे पोरगे नसतात ना. हल्ली आमच्या चिपळूण-खेड-रत्नागिरीकडची कितीतरी मुलं जर्मनीत आहेत, कोणी नर्सिंगला, कोणी आयटीत, आणि त्यांच्याकडे जाणारे आईबाप म्हणजे आमच्यासारखे, साठी उलटलेले, गुडघे कुरकुरणारे, आणि दोन दिवसांसाठी निघाले तरी हातात दोन पिशव्या जास्तच. अशांनी फक्त तिकिटाचा आकडा बघून ठरवू नये, ट्रेननेच जावं, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते का ते सांगते.

आधी घरातली परिस्थिती सांगायला हवी. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. त्यामुळे जगात कुठेही गेलं तरी ह्यांचं मत बसला. माझं ट्रेनला. मुलगी बर्लिनला असते, तिने तोडगा काढला की जाताना आईचं ऐकायचं आणि येताना बाबांचं. म्हणून दोन्ही बघून झालंय, ऐकीव काही लिहीत नाही.

अंतर म्हणाल तर रस्त्याने साधारण ३५० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते रत्नागिरी धरून चाला. ट्रेनला चार ते साडेचार तास, बसलाही रस्ता मोकळा असेल तर जवळजवळ तेवढेच. आता आपल्याकडे एवढंच अंतर हायवेने कापायला किती वेळ लागतो ते मी आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही, गणपतीत तर बोलायलाच नको. तर मुद्दा असा की तिथे बस आणि ट्रेन यांच्यात वेळेचा फारसा फरक नाही, मग फरक कशात आहे तर तुम्ही बसता कुठे, उतरता कुठे आणि मधले चार तास कसे जातात यात.

बर्लिनचं मुख्य रेल्वे स्टेशन, हाउप्टबानहोफ म्हणतात त्याला, २००६ साली सुरू झालं आणि अगदी शहराच्या मध्यावर आहे. बसायला दोन पातळ्या, वरच्या फलाटांवर पूर्व-पश्चिम गाड्या आणि पार खाली जमिनीखालच्या फलाटांवर उत्तर-दक्षिण गाड्या, प्रागची गाडी खालून सुटते. हे माहीत नसेल तर माणूस सरकत्या जिन्यांवर वरखाली करत बसतो, तेव्हा अर्धा तास हाताशी ठेवून जा. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि आपला डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते इंडिकेटरवर दिसतं, तिथे उभं राहायचं, म्हणजे गाडी आल्यावर बॅगा घेऊन पळापळ नाही. बसचा मोठा स्टँड मात्र शहराच्या पश्चिम टोकाला, प्रदर्शनाच्या मैदानाजवळ. काही बस मध्येही थांबतात, पण तुमची बस नेमकी कुठून सुटते ते तिकिटावर नीट वाचा, कारण स्वस्त तिकीट काढायचं आणि मग सकाळी सामान घेऊन अर्धं बर्लिन पार करत जायचं, त्यात जे वाचलं ते गेलंच की. प्रागचा फ्लोरेन्स बसस्टँड मात्र मध्यवर्ती आहे, मेट्रो शेजारीच, तिथे बसवाल्यांना नावं ठेवायला जागा नाही.

आता ट्रेनचं खरं कारण. ड्रेस्डेन सोडलं की गाडी एल्ब नदीच्या काठाला लागते आणि मग प्राग येईपर्यंत नदी तुम्हाला फार वेळ सोडतच नाही, आधी एल्ब, पुढे व्ल्टावा. बर्लिनहून जाताना डावीकडची खिडकी घ्या, येताना उजवीकडची, हे एवढं एक वाक्य जरी पुरवणीत छापलं असतं तरी वाचकांनी दुवा दिला असता. दोन्ही अंगाला वालुकाश्माचे उभे कडे, वर क्योनिगस्टाइनचा किल्ला, खाली पाण्याला लागून टुमदार घरं. तिथे गाडी वेग कमी करते, नदी वळेल तशी रूळही वळतात. ड्रेस्डेनहून चाकाच्या जुन्या आगबोटी अजून प्रवासी घेऊन फिरतात, आमच्या सासूबाई मुंबईहून बोटीने दाभोळला उतरायच्या त्या गोष्टी ह्यांना तिथे आठवल्या आणि बसचा पक्षपाती माणूस अर्धा तास खिडकीपाशी गप्प बसला. हद्द ओलांडून झेक देशात गेलं की ऊस्टीजवळ नदीपलीकडे सुळक्यावर आणखी एक पडका किल्ला दिसतो, तोही डावीकडेच.

हा मार्ग जुना आहे, प्राग-ड्रेस्डेन रेल्वे १८५१ साली पूर्ण झाली, म्हणजे आपली बोरीबंदर-ठाणे गाडी धावायच्या दोन वर्षं आधी. प्राग यायच्या थोडं आधी नेलाहोझेवेस नावाचं लहानसं गाव लागतं, तिथे १८४१ मध्ये द्वोर्झाक हा मोठा संगीतकार जन्मला, आणि हा रूळ टाकत होते तेव्हा तो लहान पोर होता. त्याला पुढे आयुष्यभर रेल्वेचं वेड होतं, प्रागच्या स्टेशनवर इंजिनं बघायला जायचा. लहानपणी दारात रेल्वे आली की असं होतंच, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली तेव्हा आमच्या मुलीचीही तीच तऱ्हा होती.

नदीचं दुसरं रूपही आहे, ते चिपळूणकराच्या नजरेतून सुटत नाही. काठच्या गावांत भिंतींवर पुराच्या खुणा आणि साल कोरलेलं असतं. ऑगस्ट २००२ मध्ये ड्रेस्डेनला वाइसेरिट्झ नावाची छोटी नदी, जिचं पात्र माणसांनी कधीतरी वळवलं होतं, ती उसळून आपल्या जुन्या वाटेने परत आली आणि थेट मुख्य रेल्वे स्टेशनात शिरली. आमच्याकडे २०२१ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे जावयाने हे सांगितल्यावर आम्ही दोघांनी एकमेकांकडे फक्त बघितलं.

हे सगळं बसमधून दिसत नाही हो. बस हायवेने जाते, रस्ता गुळगुळीत, एक खड्डा नाही, पण दोन्हीकडे शेतं, पवनचक्क्या आणि कठडे. पाय लांब करायला जागा नाही, टॉयलेट असतं पण चालत्या गाडीत त्या पायऱ्या उतरून जाणं माझ्या गुडघ्यांना जमणारं नव्हतं. ट्रेनमध्ये उठून फिरता येतं, आणि डायनिंग कार असते, झेक रेल्वेची तर नावाजलेली आहे, टेबलाशी बसून काचेच्या ताटात गरम जेवण. आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या होत्या, त्याही सीटवर बसून खाल्ल्या, कोणी काही बोललं नाही. (सुकट नव्हती नेली, काळजी नसावी.)

बसच्या बाजूने ह्यांचं म्हणणंही लिहिते नाहीतर घरात वाद होईल. तिथे ड्रायव्हरने सलग साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं विश्रांती घ्यायचीच असा युरोपचा कायदा आहे, आणि दिवसाचं ड्रायव्हिंग एरवी ९ तास, सगळं गाडीतल्या यंत्रात नोंदवलं जातं, लपवालपवी नाही. ह्यांनी उतरताना ड्रायव्हरच्या सीटची गादी हाताने दाबून बघितली आणि नुसतं "हं" म्हणाले. शिवाय विद्यार्थी असाल, ऐनवेळी निघायचं ठरलं आणि ट्रेनचं भाडं आभाळाला टेकलं असेल, तर बस घ्या, मीसुद्धा तेच सांगेन.

कारण ट्रेनचं भाडं आपल्यासारखं ठरलेलं नसतं, विमानासारखं चढत जातं. आपल्याकडे रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं, पण ज्याला तिकीट मिळालं त्याला साध्या गाडीत तोच दर. तिथे लवकर काढलं तर निम्म्याहून कमीत जमू शकतं आणि आदल्या दिवशी काढलं तर डोळे पांढरे. आणखी एक गंमत, तीच गाडी जर्मन रेल्वेच्या साइटवर आणि झेक रेल्वेच्या साइटवर वेगवेगळ्या भावाने दिसते, बऱ्याचदा झेक साइटवर कमी, म्हणून दोन्हीकडे बघूनच पैसे भरा. आणि तिकीट म्हणजे सीट नव्हे! सीटचं रिझर्वेशन वेगळं करावं लागतं, थोडेच पैसे पडतात, ते कंजूषपणा न करता भरा, कारण शनिवार-रविवारी गाडी भरलेली असते आणि आपल्या वयात साडेचार तास दारापाशी बॅगेवर बसून कोण जाणार. सीटवर छोटी पाटी असते, कुठून कुठपर्यंत बुक आहे ते त्यावर दिसतं.

स्वस्त तिकीट त्या एकाच गाडीला चालतं हेही लक्षात ठेवा, चुकली की गेलं. आता "जर्मन गाड्या घड्याळ लावून धावतात" ही समजूत आपल्याकडे अजून आहे, तर ती सोडा. २०२४ मध्ये त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर होत्या, आणि वेळेवर म्हणजे सहा मिनिटांच्या आत. पण एक मानलं पाहिजे, गाडी एक तास लेट झाली तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास झाली तर ५० टक्के परत मागता येतात. आपल्याकडे असं असतं तर मांडवी एक्स्प्रेसने सगळ्या कोकणाला श्रीमंत केलं असतं.

भाड्याची कार घेऊन जायचा विचार करणाऱ्यांसाठी दोन शब्द. स्टिअरिंग डावीकडे, गाडी उजवीकडून, देशाबाहेर न्यायला भाड्याने देणाऱ्याची परवानगी, झेक हायवेसाठी ऑनलाइन टोल आधीच भरायचा, आणि प्रागमध्ये पार्किंग शोधायचं. ह्यांनी आयुष्यभर घाट उतरवलेत, ते म्हणाले नको.

पासपोर्टचं मात्र पुरवणीत यायलाच हवं होतं. दोन्ही देश शेंगेनमध्ये, एकच व्हिसा चालतो, हे बरोबर. पण म्हणून पासपोर्ट मुलीच्या घरी कपाटात ठेवून जाऊ नका. जर्मनीने ऑक्टोबर २०२३ पासून झेक सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली आणि तिची मुदत वाढवत नेली. येताना आमची बस हद्दीजवळ बाजूला घेतली, पोलीस आत आले, प्रत्येकाचा पासपोर्ट पाहिला, आमच्या मागे बसलेल्या पोराकडे फक्त मोबाइलमधला फोटो होता, त्याला खाली उतरवलं आणि सगळी बस त्याच्यासाठी थांबून राहिली. ट्रेनमध्येही पोलीस चढतात, पण तिथे ते डब्यातून फिरतात आणि गाडी चालू राहते, हाही माझ्याच बाजूचा मुद्दा धरा.

प्रागला ट्रेनने उतरताना घाई करू नका. आधी होलेशोवित्से नावाचं स्टेशन लागतं, तिथे बरेच जण उठतात म्हणून आपणही उठायचं नाही, मुख्य स्टेशन त्याच्या पुढे. तिथून वेन्सेस्लास चौक पायी जाण्याइतका जवळ आहे. आणि पैसे झेक कोरुना, युरो नाही, स्टेशनवरच्या नोटा बदलून देणाऱ्या खिडक्यांकडे बघूही नका, कार्ड जवळपास सगळीकडे चालतं.

जाता जाता एक. जर्मनी आणि झेक मिळून हद्दीवरच्या डोंगराखालून २५ किलोमीटरहून लांब बोगदा काढायच्या तयारीत आहेत, आपला कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर, त्याच्या चौपट समजा. तो झाला की जलद गाड्या नदीकाठ सोडून बोगद्यातून जाणार आणि वेळ बराच वाचणार. व्हायला अजून पुष्कळ वर्षं आहेत, पण ज्यांना जायचंय त्यांनी काठाची गाडी आहे तोवर जाऊन घ्यावं.

तेव्हा संपादक महाशय, पुढच्या वेळी अशी माहिती देताना भाड्यासोबत गाडी कुठून सुटते, कुठे सोडते, सीट वेगळी काढावी लागते का आणि खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची, एवढ्या चार गोष्टी छापाव्यात ही विनंती. बुडापेस्ट-व्हिएन्नाबद्दलही येऊ दे, पुढच्या वर्षी ह्यांच्या डोक्यात तेच आहे आणि भांडण आत्ताच सुरू झालंय.

आपली नियमित वाचक,
चिपळूण, जि. रत्नागिरी